साधनेतले अपयश : ‘पराभव’ की ‘प्रमाद’?

प्रश्न : साधकाचे मन ढळले की ‘तो हरला’, ‘त्याचा पराभव झाला’ असे लिहिलेले वारंवार वाचनात येते. खेळाच्या मैदानावरचे हे शब्द साधनेच्या संदर्भात योग्य आहेत का?

उत्तर : मला ते योग्य वाटत नाहीत. ‘पराभव झाला’ म्हटले की ‘कोणाकडून?’ हा प्रश्न आपसूकच येतो, आणि साधनेत समोर प्रतिस्पर्धी नसतो. मुंडकोपनिषदाने (२.२.४) खेळाडूला अधिक जवळची प्रतिमा घेतली आहे : प्रणव (ॐकार) हे धनुष्य, आत्मा हा बाण, ब्रह्म हे लक्ष्य, आणि ‘अप्रमत्तेन वेद्धव्यम्’, म्हणजे सावध राहून वेध घ्यावा. येथे अपयशाचे कारणच शब्दात आले आहे, ते म्हणजे प्रमाद. आज मराठीत ‘प्रमाद’ म्हणजे चूक किंवा अपराध असे आपण समजतो. त्याचा मूळ अर्थ मात्र गाफीलपणा, भान सुटणे असा आहे.

तिरंदाजीत हे भान कसे सुटते ते पाहण्यासारखे आहे. ऑलिंपिकमध्ये तिरंदाज ७० मीटरवरून नेम धरतो आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटीमीटर व्यासाचे असते. बाण सुटता सुटता तो कुठे लागतो हे पाहण्याच्या उतावळेपणाने धनुष्याचा हात किंचित जरी खाली आला, तरी बाण भरकटतो. फळाकडे वेळेआधी गेलेली नजर हाच तेथला प्रमाद, आणि जपाला बसून अनुभूतीची वाट पाहणाऱ्या साधकाचेही नेमके हेच होते.

बायबलच्या नव्या करारात पापासाठी येणारा ‘हामार्तिया’ हा ग्रीक शब्दही याच घरातला आहे, कारण प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात त्याच धातूचे क्रियापद भाल्याचा नेम चुकण्यासाठी येते. अर्थात, नव्या कराराच्या काळापर्यंत त्याचा अर्थ बराच विस्तारला होता, त्यामुळे व्युत्पत्तीवर फार भार टाकू नये. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिताना शर्यतीचा दाखला दिला (पहिले पत्र, ९.२४-२७); करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे वाचकांना तो लगेच उमगला असणार. बक्षीस एकालाच मिळते असे तो म्हणतो खरा, पण पुढच्याच वाक्यांत त्याचा सगळा भर खेळाडूच्या संयमावर आणि स्वतःच्या देहाला लावलेल्या शिस्तीवर आहे.

शंका : मग ‘षड्रिपूंवर विजय’ हा प्रयोग चुकीचा म्हणायचा का?

उत्तर : चुकीचा नाही, पण ती प्रतिमा रणांगणावरची आहे. गीतेतही युद्धाला उभे राहण्यास सांगताना ‘जयाजयौ’ (२.३८) असा शब्द येतो, तर योगाची व्याख्या करताना ‘सिद्ध्यसिद्ध्योः’ (२.४८), म्हणजे ‘सिद्धी आणि असिद्धी यांत’, असा शब्द येतो. म्हणून रिपूंविषयी लिहिताना जय-पराजय चालतील. ध्यान, जप किंवा नित्यनेम यांविषयी लिहिताना मात्र ‘साधकाकडून प्रमाद घडला’ असे लिहावे.