मदत हवी आहे: अमेरिका-युरोप तणाव बघता गाड्यांचं काम सोडून डिफेन्समध्ये जावं का? (जर्मनी)

नमस्कार मंडळी,

जर्मनीत, युरोपात राहणाऱ्यांकडून आणि आंतरराष्ट्रीय घडामोडी बारकाईने बघणाऱ्या कोणाकडूनही सल्ला हवाय. जरा लांबलचक होणार आहे, पण मागचं सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

मी श्टुटगार्टजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत (नाव देत नाही) प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. आमचा बराच माल ज्या गाड्यांत बसतो त्या अमेरिकेत विकल्या जातात. एप्रिल 2025 मध्ये ट्रम्पनी गाड्यांवर आधीच्या अडीच टक्क्यांच्या वर आणखी 25% टॅरिफ (आयात कर) लावला तेव्हापासून आमच्याकडे शिफ्ट कमी झाल्या, भरती थांबली, काँट्रॅक्टवाल्या मुलांना घरी बसवलं. जुलैत स्कॉटलंडमध्ये टर्नबेरीला ट्रम्प आणि युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांचं ठरलं, गाड्यांसकट बहुतेक मालावर 15%, तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी हुश्श केलं. पण 15 म्हणजे पूर्वीच्या सहापट हो! आणि स्टील, अ‍ॅल्युमिनियमवरचे 50% होते तसेच राहिले, शिवाय 750 अब्ज डॉलरची ऊर्जा अमेरिकेकडून घ्यायची, 600 अब्ज डॉलर तिकडे गुंतवायचे, असं बरंच काही युरोपने कबूल केलं.

आता कंपनीने एक हॉल डिफेन्सच्या कामाला द्यायचं ठरवलंय, लष्करी ट्रकच्या गिअरबॉक्सचे भाग बनतील, आणि मला विचारलंय की तिकडे येणार का. पगारात फारसा फरक नाही. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय.

माझा मुख्य प्रश्न असा की हा अमेरिका-युरोपमधला ताण टिकणारा आहे की चार दिवसांचा? कारण युरोपात संरक्षणावर जो पैसा ओतला जातोय तो रशियाच्या भीतीने जितका, तितकाच अमेरिकेवरचा भरवसा उडाल्यामुळे, असं मला वाटतं. उद्या वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं, गळाभेटी झाल्या, इकडचे नेते परत निवांत झाले, तर आमचा तो हॉल रिकामा पडेल का?

आमच्याकडचे एक जुने जर्मन सहकारी म्हणतात काही काळजी करू नकोस, ही भांडणं होतच आलीत. 1966 ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉलनी फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढलं, मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला हलवावं लागलं, 2003 मध्ये इराकवरून जर्मनी आणि फ्रान्स अमेरिकेच्या विरोधात उभे राहिले, तरी नाटो आहे तिथेच आहे. खरं आहे. आमच्या इथे फाइंगनला आजही अमेरिकन सैन्याचं युरोपचं मुख्यालय आहे.

पण जानेवारी 2026 मध्ये ट्रम्पनी डेन्मार्ककडचं ग्रीनलँड मागितलं त्यावरून जे झालं त्याने मी खरंच हादरले. डेन्मार्कला साथ म्हणून मूठभर सैनिक पाठवले म्हणून जर्मनीसकट आठ देशांवर फेब्रुवारीपासून 10% आणि जूनपासून 25% टॅरिफची धमकी! दावोसमध्ये नाटोचे सरचिटणीस मार्क रुटे ट्रम्पना भेटले आणि चार दिवसांत ती मागे घेतली हे ठीक, पण बोलले ते बोललेच ना. आणि कोणाला? नाटोचं पाचवं कलम, म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर, हे आजवर एकदाच वापरलं गेलं, ते 2001 मध्ये अमेरिकेसाठी. त्यानंतर अफगाणिस्तानात छोट्याशा डेन्मार्कची चाळीसहून जास्त माणसं मेली. त्या देशाला तुझी जमीन दे नाहीतर टॅरिफ लावतो म्हणायचं, हे मला फार लागलं. हे आधीच्या भांडणांसारखंच आहे असं मला तरी वाटत नाही, पण मी इतिहासाची अभ्यासक नाही म्हणून विचारतेय.

दुसरा प्रश्न पासपोर्टचा. माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, डिफेन्सच्या कामाला सुरक्षा तपासणी लागते म्हणे. कोणाला अनुभव आहे का?

आणि हो, शस्त्रांचं काम कशाला करतेस असं कृपया लिहू नका. माझं माहेर वरणगावचं, तिथे ऑर्डनन्स फॅक्टरीवर कित्येक घरं चाललीत, त्यामुळे तो विचार करून झालाय.

---

प्रतिसाद:

ताई, मी म्युनिकला असतो. माझं मत, भांडण मिटो न मिटो, पैसा काही वर्षं तरी हलत नाही. मार्च 2025 मध्ये इथे राज्यघटना बदलली, जीडीपीच्या 1% च्या वरचा संरक्षण खर्च सरकारी कर्जावरच्या मर्यादेतून बाहेर काढला, त्याला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागली. ते सहजासहजी फिरवता येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये हेगला नाटोने संरक्षणावर 2035 पर्यंत जीडीपीच्या 5% खर्च करायचं ठरवलं, त्यातलं 3.5% थेट सैन्यावर. जर्मनीला तर तो साडेतीनचा टप्पा 2029 लाच गाठायचाय.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या म्हणण्याबद्दल. व्यापार आणि संरक्षण एकात एक गुंतवणं नवीन नाही. साठच्या दशकात अमेरिकन सैन्य इथे ठेवायचा खर्च भरून निघावा म्हणून पश्चिम जर्मनीला अमेरिकेकडून शस्त्रं घ्यावी लागायची, तो बोजा चॅन्सेलर एरहार्ड यांच्या सरकारला पेलेना आणि 1966 ला सरकार पडायला तेही एक कारण झालं. आणि टॅरिफचं म्हणाल तर युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून अमेरिकेने 1964 पासून छोट्या ट्रक आणि व्हॅनवर 25% लावले, फोक्सवागेनच्या व्हॅनला त्याचा जबर फटका बसला. कोंबड्यांचं भांडण कधीच विसरलं गेलं, ते 25% आजही आहेत! म्हणून मला गाड्यांवरचे 15% जातील ही आशा जास्त कच्ची वाटते. तुम्ही डिफेन्सच्या भवितव्याला घाबरताय, पण गाड्यांचं भवितव्यही तपासून बघा.

---

प्रतिसाद:

वरच्यांशी बरंचसं सहमत, पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. लष्करी ट्रक हजारांत बनतात, गाड्या लाखांत, त्यामुळे एका ऑर्डरवर पूर्ण हॉल किती दिवस चालेल हे मॅनेजरला स्पष्ट विचारा. हातात पक्की ऑर्डर आहे की नुसती बोलणी चाललीत? शिवाय यातला मोठा पैसा अजून अमेरिकेतच जातो. 2020 ते 24 या काळात नाटोच्या युरोपीय देशांनी आयात केलेल्या शस्त्रांत 64% अमेरिकन होती, जर्मनीनेही 35 एफ-35 विमानं मागवलीत. वारं बदलतंय हेही खरं, डेन्मार्कने सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेची पॅट्रिअट सोडून फ्रान्स-इटलीची हवाई संरक्षण यंत्रणा निवडली, आणि ईयूच्या 150 अब्ज युरोच्या 'सेफ' नावाच्या संरक्षण कर्जयोजनेतून घेतलेल्या सामानात साधारण 65% भाग युरोपचेच हवेत. तुमच्यासारख्या सप्लायरना फायदा होईल तो इथे.

बाकी काही असो, जुन्या विभागात परत यायचा हक्क लेखी घ्या. बेट्रिब्सराटशी (कंपनीतल्या कामगारांच्या परिषदेशी) बोलल्याशिवाय सही करू नका.

---

प्रतिसाद:

सुरक्षा तपासणी सगळ्यांनाच लागत नाही, गोपनीय कागद हाताळायचे असतील तर लागते आणि अर्ज कंपनी करते. तुमच्या पोस्टला ती आहे का हे एचआरकडून आधी काढून घ्या. पाच वर्षं झाली असतील तर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, जून 2024 पासून जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात, पण भारताला चालत नाहीत, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागेल. तो निर्णय या नोकरीपायी घाईत घेऊ नका.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हॅनवरचे 25% अजून आहेत हे माहीतच नव्हतं, मी आजवर फक्त डिफेन्सचीच जोखीम मोजत होते. मॅनेजरना ऑर्डरबद्दल मेल केलाय, बेट्रिब्सराटची वेळ गुरुवारची मिळालीय. एचआर म्हणतं की माझ्या पोस्टला तपासणी लागणार, साधी पातळी. तेव्हा आता एवढंच सांगा, भारतीय पासपोर्ट असताना, आईवडील भारतात असताना ही तपासणी कोणाची झालीय का, आणि निकाल येईपर्यंत तुम्हाला कुठलं काम दिलं होतं? इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.