गावाचा पाणलोट नकाशा ३×४ फूट फ्लेक्सवर छापायचाय, क्यूजीआयएसमधून फाइल कशी काढावी?

शिवारफेरी (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार. ग्रामसभेसाठी गावाचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे. गट नंबर, नाले, पांदण रस्ते, सिमेंट नाला बांध, शेततळी असे थर आहेत. शिवार पूर्व-पश्चिम ४ किमी, उत्तर-दक्षिण ५ किमी. पान ए१ ठेवलंय, प्रोजेक्ट ईपीएसजी कोड ४३२६ (अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मोजणारी पद्धत) मध्ये आहे. नमुना प्रिंटमध्ये शिवार आडवं फुगलेलं दिसतं, काही नावांच्या वेलांट्या भलत्याच जागी गेल्यात आणि रेषा धूसर आल्यात. शेततळ्यांचा थर अर्धपारदर्शक केला आहे. काय काय बदलू?

नालाबांध
भाऊ, आधी फुगवट्याचं बघू. त्याची कारणं दोन आहेत आणि दोन्ही एकाच दिशेला ओढतात.

४३२६ मध्ये अंश जसेच्या तसे कागदावर उतरतात. आपल्याकडे अक्षांशाचा १ अंश सुमारे ११०.७ किमीचा, रेखांशाचा मात्र १०४.४ किमीचा. म्हणून नकाशा आडवा ६ टक्के ताणला जातो. त्यात ए१ पान म्हणजे साधारण १.९५×२.७६ फूट. फ्लेक्सवाला ते ३×४ फुटांत बसवताना चारही बाजू ओढतो, तिथे आडवा ताण आणखी ६ टक्के. एकूण १२-१३ टक्के. एवढ्या फरकाने चौकोनी शेततळंही लांबट दिसतं.

प्रोजेक्ट यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे झोन पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) न्या. दोन झोनांची सीमा असलेलं ७८ अंश पूर्व रेखावृत्त यवतमाळ जिल्ह्यातूनच जातं, त्यामुळे इथे झोन नीट बघून घ्यावा लागतो. दारव्हा, दिग्रस, पुसद पश्चिमेला, म्हणजे झोन ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३. यवतमाळ, घाटंजी, वणी पूर्वेला, त्यांना ३२६४४. तुमचा ३२६४३.

मग प्रिंट लेआउटमध्ये पानावर राइट क्लिक, पेज प्रॉपर्टीज, कस्टम, ९१४.४×१२१९.२ मिमी. नकाशाचं प्रमाण हाताने ५००० टाका. शिवार ८०×१०० सेंमीत येतं. कडेला रिंगा ठोकतात, म्हणून चारही बाजूंनी ५ सेंमी मोकळे सोडा. रुंदीला जेमतेम बसतं, उंचीला १२ सेंमी उरतात, तेवढ्यात शीर्षक होतं. सूची शिवाराबाहेरच्या रिकाम्या कोपऱ्यात टाका.

१:५००० हे अक्षरी प्रमाण एकटं कधीच ठेवू नका. दुकानात जरा कमीजास्त झालं की ते खोटं ठरतं, सोबत प्रमाणपट्टी (स्केल बार) टाका, ती नकाशासोबतच लहानमोठी होते. फ्लेक्स ताब्यात घेण्याआधी पट्टीवरचा १ किमी फुटपट्टीने मोजा, बरोबर २० सेंमी भरला पाहिजे. १९.४ भरला तर ९७ टक्क्यांवर छापलंय. पट्टी आडवीच असते, म्हणून चौकटीची उंचीही मोजून बघा.

गटनंबर
वेलांट्यांचं सांगतो. पीडीएफ एक्स्पोर्टच्या खिडकीत टेक्स्ट एक्स्पोर्ट असा पर्याय आहे. तिथे अक्षरं टेक्स्ट ऑब्जेक्ट म्हणून गेली की दुकानातल्या कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडताना जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. ‘पाथ’ निवडा, मग अक्षराचा आकारच जातो आणि त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

धूसरपणा त्या अर्धपारदर्शक थरामुळे. थराला पारदर्शकता किंवा ब्लेंड मोड (खालच्या रंगात मिसळण्याची पद्धत) दिला की क्यूजीआयएस नकाशाचं चित्र करून टाकतं, सोबत बाकीच्या रेषाही चित्रात जातात. ‘ऑलवेज एक्स्पोर्ट अॅज व्हेक्टर्स’ दाबलं तर रेषा धारदार राहतात, पण पारदर्शकता गायब होते आणि शेततळ्याखालचे गट नंबर झाकले जातात. त्यापेक्षा थर पूर्ण अपारदर्शक ठेवा, रंग फिका घ्या आणि भरावाऐवजी तिरप्या रेषा वापरा. माझं मत विचाराल तर फ्लेक्सवर तिरप्या रेषा जास्त वाचनीय.

दुकानदार जेपीजीच मागत असेल तर १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके) पुरे. ३×४ फुटांला ५४००×७२०० पिक्सेल होतात. ३०० ला चौपट फाइल, आणि तीन मीटरवरून फरक दिसत नाही. मागे ऑनलाइन उपग्रह चित्र असेल तर सगळे तुकडे उतरलेत का ते एक्स्पोर्टनंतर झूम करून बघाच. नेट मंद असलं की मधले चौकोन पांढरे राहतात.

शिवारफेरी
खूप आभार. एक राहिलं: शेपफाइलमध्ये (थर साठवायची फाइल) काही नाल्यांची नावं अर्ध्यावर तुटतात.

नालाबांध
यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा धरून. रकान्याची लांबी २० बाइट असेल तर सहाच चिन्हं मावतात. ‘वाढोणा’ बसतं, ‘वाढोणा नाला’ तुटतं. रकान्याच्या नावालाही १० बाइटची मर्यादा, म्हणजे देवनागरीत तीनच चिन्हं. थर जिओपॅकेज या फाइल प्रकारात सेव्ह करा, दोन्ही अडचणी जातात. तुटलेली नावं मात्र पुन्हा टाइप करावी लागतील. गावातल्या जाणत्यांकडून नाल्यांची नावं तपासून घ्या, ग्रामसभेत लोक आधी तीच वाचतात.