चौतीस मासे पकडले, खाल्ले चार. आता शिव्या घाला

कोथरूडचा_गळवाला

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे. शिव्या घालायच्या असतील तर घाला, घरी ऑलरेडी खाऊन झाल्यात.

दोन वर्षांपासून गळाचा नाद लागलाय. आधी खडकवासल्याला नुसतं बसायचो, मग रॉड आला, मग रीळ आलं, मग यूट्यूब बघून अजून एक रॉड आला (बायकोला एकाचीच किंमत माहितीये). मागच्या रविवारी आम्ही चौघं उजनीच्या बॅकवॉटरला गेलो. काठावर एक जण आला, म्हणाला पाचशे द्या आणि बसा, दिले. आणि त्या दिवशी चिलापी अशी काही लागली की विचारू नका, कणकेचा गोळा पाण्यात पडायचा अवकाश की दोरी ताठ. मग आमच्यात लागली पैज, कोणाचे जास्त. दुपारी दोनपर्यंत चौतीस. त्यात एक रोहू, चांगला दीडेक किलोचा, पोट गाबोळीनं टम्म फुगलेलं.

थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या दोन लाद्या टाकल्या होत्या, त्या येतानाच वितळल्या. सोलापूर रोडला हडपसरच्या अलीकडे दीड तास अडकलो. एका मित्राच्या घरी मासे चालत नाहीत, हे त्याला हडपसरला आठवलं. दुसरा म्हणे नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो, मी फक्त सुरमई खातो. तिसऱ्यानं दोन घेतले आणि गायब. म्हणजे बत्तीस मासे माझ्याकडे. रात्री साडेदहाला चार साफ केले, तेवढ्यात खवल्यांनी सिंक तुंबलं. वॉचमनला सहा दिले. उरलेले फ्रीजमध्ये कोंबले, दोन दिवसांनी दूधसुद्धा वास मारायला लागलं, मग सगळे काळ्या पिशवीत.

सकाळी कचरा घेणाऱ्या ताईंनी ओला-सुका बघायला पिशवी उघडली. रागावल्या वगैरे नाहीत. नुसतं विचारलं, "एवढे? लग्न होतं का घरात?"

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. गळ टाकणंच वाईट, की किती काढायचे ते आपण ठरवत नाही हे वाईट? आणि पकडून परत सोडलं की प्रश्न मिटतो का?

तूरडाळ_जिंदाबाद

मी शाकाहारी आहे त्यामुळे माझं मत माहीतच असेल, तरी सांगतो. खाण्यासाठी मारलं तर मला समजतं. माझा रूममेट मालवणचा होता, डोकंसुद्धा टाकायचा नाही, त्याची कढी करायचा. तुमचं मात्र मला समजत नाही. पैज मारायला कॅरम आहे की.

आणि ते पकडून सोडणं तर त्याहून भारी. तोंडात काटा रुतवायचा, दमेपर्यंत ओढायचं, हवेत धरून सेल्फी काढायची आणि मग 'जा बाळा' म्हणायचं, हे पुण्य कुठल्या खात्यात जमा होतं? स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून निव्वळ सोडून द्यायच्या इराद्यानं मासे पकडायला कायद्यानं बंदी आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे, खायचा असेल तर पकड, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नको.

भोयाचं_पोर

भिगवणकडचा आहे, घरची तिसरी पिढी पाण्यात.

दादा, पहिला प्रश्न, ते पाचशे कुणाला दिलेस? पावती होती का? धरणातली मासेमारी ठेक्यानं जाते, मच्छीमार सहकारी संस्था शासनाला पैसे भरतात, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडतात. तू दिलेले पाचशे संस्थेत गेले की कुणाच्या बाटलीत, हे आधी बघ. पुण्याची माणसं काठावर येतात, धरण सरकारी म्हणजे मासा फुकटचा असं धरून चालतात. तो रोहू आकाशातून पडलेला नाही, कुणीतरी बोटाएवढा असताना सोडला होता.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर आमच्यातलेच म्हणतील एकतर्फी लिहिलं. तुमच्या चौतीस माशांनी उजनी रिकामी होत नाही. खरं नुकसान बारीक आसाच्या जाळ्यानं होतं, त्यात बोटभर पिल्लूसुद्धा सुटत नाही, आणि ती जाळी लावणारे आमच्यातलेच आहेत. भांडणं होतात त्यावरून, हाणामारीपर्यंत.

पण नासाडीचा राग येतो तो येतोच. माझी आई टोपली घेऊन बसायची तेव्हा संध्याकाळी उरलेला मासा मीठ लावून वाळत घालायची, टाकायचा हा शब्दच घरात नव्हता. खायचे चार होते तर पाचव्याला गळ गुंडाळायचा.

अजून एक. तुटलेली नायलॉन दोरी काठावर टाकून जाऊ नका. मागच्या हिवाळ्यात पाण्यातल्या वाळक्या बाभळीवर एक पाणकावळा लटकलेला बघितला, पंखाला दोरी गुंडाळलेली, दोरीच्या टोकाला तुमचा तो रंगीत प्लॅस्टिकचा मासा. होडी घेऊन गेलो तोवर मेला होता.

नाना_फडफडे

पुढच्या वेळी हडपसरला अडकलास तर मेसेज कर, मी मगरपट्ट्याला राहतो आणि मला चिखलाचा वास आवडतो 😄

खडशी_फॅन

पंधरा वर्षं गळ टाकतोय, मी पण सुरुवातीला असाच मोजत बसायचो. तूरडाळभाऊंचा मुद्दा मी उडवून लावत नाही, माशाला त्रास होतो, होत नाही म्हणणारे स्वतःची समजूत काढतात. पण "सोडणं म्हणजे ढोंग" हे सरसकट नाही, आणि "सोडला म्हणजे वाचला" हेही नाही. कोणता मासा, कोणतं पाणी, कोणता महिना, यावर सगळं आहे.

चिलापी सोडून काय मिळवणार? ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली आणि आता धरणाधरणात तीच. तोंडात पिल्लं सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण, म्हणून तुम्हाला तासाला दहा लागतात. ती घरी न्या, पण खाणार तेवढीच. रोहू-कटला भोयाच्या पोरानं सांगितलं तसं संस्थेचा, विचारून आणि पैसे देऊन न्या.

खडशीची गोष्ट मात्र वेगळी. खडशी म्हणजे आपला दख्खनी महसीर, नदीतला मोठा मासा. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये याला शास्त्रीय नाव दिलं, 'खुद्री', आणि तो मासा त्याला मिळाला होता कुठे, तर पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत! आज संगम पुलावर नाकाला रुमाल लावून उभं राहिलं की हे खोटं वाटतं. लोणावळ्याला वळवण तलावापाशी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करतात म्हणून निदान मावळातल्या तलावांत तो टिकलाय. हा लागला तर सोडायचा, माझ्यापुरती यावर चर्चा नाही. महाडजवळ वाळणकोंडीला तर देवाचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी त्याला हात लावत नाही, चुरमुरे टाकले की हे एवढाले मासे पायाशी येतात.

सोडायचा तर नीट सोडा. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा, दोन मिनिटांचं काम आहे, गळ अलगद निघतो. हात ओले करून धरा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिथेच बुरशी धरते. फोटो पाण्यातच काढा. तुम्ही शंभर मीटर पळून आलात आणि कुणी तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी धरली तर जे होईल ते त्याचं हवेत होतं. गळ घशात खोल गेला असेल तर उचकटू नका, दोरी जवळून कापा. आणि एप्रिल-मेच्या दुपारी पकडून सोडायचं नाटक करूच नका, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी, दमलेला मासा पोहत जातो असं दिसतं आणि पुढे जाऊन उलटा होतो.

सोडण्यातही गोम आहे. कावेरीवर गळाचे नामांकित कॅम्प होते, पकडायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं, सोडायचा. अभयारण्यात हे म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे शिकारच, असं ठरून २०१२ च्या सुमारास ते बंद झाले. नंतर शास्त्रज्ञांनी त्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या तर दिसलं की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर जवळपास दिसेनासा झाला होता आणि वाढला होता तो आपला निळ्या परांचा खुद्री, लोणावळ्याच्या बोटुकलीतून तिथे नेऊन सोडलेला. चांगल्या हेतूनंच सोडला होता हो. पण हे कळलं तेसुद्धा गळवाल्यांनी इमानदारीत वही ठेवली म्हणून, त्यामुळे आम्हा सगळ्यांना एका दोरीत बांधू नका.

आणि तो गाबोळीवाला रोहू. पावसाळ्याच्या तोंडाला तरी गळ गुंडाळून ठेवा राव. पहिल्या पुराला चढणीचे मासे ओढ्या-ओहोळांतून वर येतात तेव्हा गावंच्या गावं काठ्या, बुट्ट्या, मच्छरदाण्या घेऊन उतरतात, मी पण लहानपणी उतरलोय, मजा वेगळीच असते. पण ते अंडी घालायला निघालेले असतात. लोक म्हणतात आपल्या पूर्वजांनी म्हणून श्रावण पाळला. बरं, पण मासा चढतो ज्येष्ठ-आषाढात, नेमका आपण आखाड तळतो तेव्हा.

बर्मिंगहॅमात_अडकलेला

मूळ सदाशिव पेठ, त्यामुळे सल्ला न मागता देतोय. इथे इंग्लंडात गळ टाकायला आधी लायसन्स लागतं. बहुतेक नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंद, विणीचा काळ. नदीतून घरी नेता येणारे मासेही मोजून ठरलेत, दिवसाला ६५ सेंटीमीटरपर्यंतचा एक पाईक, दोन ग्रेलिंग, आणि २० सेंटीमीटरपर्यंतचे छोटे पंधरा. गंमत बघा, मोठा मासा नेता येत नाही, छोटा नेता येतो. मोठी मादी कितीतरी पट अंडी घालते, तिला राहू दे असा हिशेब. आपल्याकडे उलटं, जेवढा मोठा तेवढा फोटो मोठा.

आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बोटी बंद. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा केलं. पण खरं सांगू, इथेही तळ्यावर सगळे काही शहाणे नाहीत. एकच जाडा कार्प, त्याचं लोकांनी नाव ठेवलंय, आणि तोच बिचारा पुन्हापुन्हा पकडला जातो. त्याचे ओठ बघवत नाहीत. तूरडाळशी मी तिथे सहमत आहे.

तूरडाळ_जिंदाबाद

सदाशिव पेठेनं मान्य केलं, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

कोथरूडचा_गळवाला

सगळ्यांचे आभार, शिव्या अपेक्षेपेक्षा कमी पडल्या.

काल पकड घेऊन बसलो आणि डब्यातले सगळे गळ सपाट केले, बायको म्हणाली आता काय नवीन खूळ. ग्रुपवर टाकलं की यापुढे खाणार तेवढेच, माणशी दोन, आणि पैज बंद. तर सुरमईवाला म्हणतो मग जायचं कशाला एवढं लांब. खरं सांगायचं तर याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाहीये. दोरी ताठ होते तेव्हा हाताला जे कळतं ते मला आवडतं, आणि ते माशाच्या जिवावर आहे हेही आता कळतं. सध्या दोन्ही घेऊन बसलोय.

भोयाच्या पोरा, पाचशेची पावती नव्हती. बरोबर ओळखलंस.

भोयाचं_पोर

माहीत होतं. पुढच्या वेळी आधी संस्थेत जा. आणि मासे काढायची एवढीच हौस असेल तर सकाळी सहाला ये, जाळ्यातले सकर सोडवायला बस आमच्याबरोबर. काचेच्या टाकीतला शोभेचा मासा कुणीतरी पाण्यात सोडला आणि आता जाळं ओढलं की तोच. अंग दगडासारखं, काटे असे की जाळं फाटतं, बाजारात कुणी घेत नाही. त्याला लिमिट नाही, पाहिजे तेवढे काढ.

कोथरूडचा_गळवाला

येतो. सकर खायला कसा लागतो?

भोयाचं_पोर

आम्ही नाही खात. तू खाऊन सांग.