रिव्हरडेल, सीझन १: खुनी शेवटच्या आधी ओळखता येतो का? (पूर्ण रहस्यभेद आहे)

पिंपळपान
आम्ही सहा जण मिळून ‘रिव्हरडेल’ या मालिकेचा पहिला सीझन बघणार आहोत. २०१७ चा, १३ भागांचा. जेसन ब्लॉसम या शाळकरी मुलाला कोणी मारलं हे मला माहीत आहे, बाकी पाच जणांना नाही. प्रत्येक भागानंतर थांबून त्यांनी तर्क लढवायचा, असा बेत आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नोंदी कशा ठेवायच्या? कुठल्या भागाला थांबवून नाव विचारलं तर ते न्याय्य ठरेल? आणि लोक नेमके कुठे भरकटतात? चेहऱ्यावरून ‘हाच वाटतो’ असं नको, पुराव्यावरून हवं. ज्यांनी सीझन पाहिलेला नाही त्यांनी कृपया इथूनच मागे फिरावं.

रातकिडा
भरकटायची जागा एकच, आणि ती पहिल्याच भागात आहे: ४ जुलै. त्या पहाटे जेसन आणि त्याची जुळी बहीण शेरिल स्वीटवॉटर नदीवर होडीत होते, शेरिलचा हातमोजा पाण्यात पडला, तो काढायला जेसन वाकला आणि होडी उलटली, ही शेरिलची जबानी. नदीकाठी नायक आर्ची आणि त्याची संगीतशिक्षिका मिस ग्रंडी होते, त्यांना गोळीचा आवाज आला. या दोन गोष्टी मनात इतक्या पक्क्या बसतात की दुसऱ्या भागाच्या शेवटी शवविच्छेदनातून मृत्यू एका आठवड्यानंतरचा, म्हणजे ११ जुलैचा निघतो, तरी लोक ४ तारखेलाच कोण कुठे होतं ते तपासत बसतात.

म्हणून वहीच्या पानावर दोन रकाने आखा: ‘४ जुलै’ आणि ‘४ ते ११ जुलै’. पात्राने सांगितलेली प्रत्येक गोष्ट यातल्या एका रकान्यात गेलीच पाहिजे. तिसऱ्या भागात गोळीचा उलगडा होतो: ती स्काउटमास्तर असलेल्या डिल्टन डॉइलीनेच झाडलेली होती. शेरिलही कबूल करते की बुडण्याचा बनाव होता, जेसनला गाव सोडून जायचं होतं. त्या क्षणी पहिल्या रकान्यावर आडवी रेघ मारायला सांगा. अर्धे संशयित तिथेच गळतात, ग्रंडीबाईंसकट.

उरतो तो आठवडा. जेसनच्या मनगटांवर बांधल्याचे वळ आहेत आणि गोळी कपाळात आहे. म्हणजे त्याला कुठेतरी डांबलं होतं, मग समोरून मारलं. त्यामुळे ‘खुनी कोण’ हा एकच प्रश्न ठेवू नका. ‘डांबलं कोणी’ आणि ‘गोळी कोणी घातली’ असे दोन प्रश्न वेगळे लिहा. या कथेत दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. एकच नाव शोधणारा माणूस थेट सर्पेंट्स टोळीचा म्होरक्या आणि जगहेडचा बाप एफपी जोन्स याच्यावर जाऊन थांबतो.

तिरकी रेघ
रातकिड्याच्या दोन रकान्यांना माझं अनुमोदन. त्याला जोडून वस्तूंचं एक पान हवंच, कारण हा सीझन माणसांपेक्षा वस्तूंनी सुटतो. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहायच्या: कुठल्या भागात, कोणाकडे, आणि त्याआधी ती तिथे *नव्हती* हे कोणी पाहिलं होतं का.

जॅकेटचं पान असं तयार होतं. सहाव्या भागात जेसनची प्रेयसी पॉली कूपर सांगते त्या जागी, हमरस्त्याजवळ, जेसनची पळून जायची गाडी सापडते. आत अमली पदार्थ आणि त्याचं शाळेचं जॅकेट. पॉलीची बहीण बेटी आणि तिचा मित्र जगहेड शेरीफला घेऊन परत येईपर्यंत गाडी पेटलेली असते. सगळे धरून चालतात की जॅकेट जळालं. सातव्या भागाच्या शेवटी तेच जॅकेट एफपीच्या ट्रेलरमधल्या कपाटात दिसतं. म्हणजे गाडी पेटवण्याआधी कोणीतरी ते काढून घेतलं. इथे थांबवून विचारायचं: पुरावा नष्ट करायला आलेला माणूस त्यातली सगळ्यात ओळखीची वस्तू घरी कशाला नेईल? जपून ठेवायला. आणि जपून ठेवायचं कारण म्हणजे कोणाविरुद्ध तरी ती हाताशी असावी. या प्रश्नावर दहा मिनिटं घालवा, पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

पिस्तुलाचं पान याच्या बरोबर उलट. अकराव्या भागात आर्ची आणि व्हेरोनिका तोच ट्रेलर झडती घेतल्यासारखा शोधतात, काही सापडत नाही. त्यानंतर शेरीफ केलर येतो आणि त्याला पिस्तूल सापडतं. तिसऱ्या मुद्द्यात ‘आधी नव्हतं, दोघांनी पाहिलं’ अशी नोंद असेल तर पिस्तूल नंतर आणून ठेवलंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

चांदणी चौक
वरचं सगळं मान्य, पण या सीझनचा खरा कस बाराव्या भागातल्या एफपीच्या कबुलीजबाबात आहे. तो म्हणतो की पैशासाठी जेसनला पळवलं, मारलं, मृतदेह फ्रीझरमध्ये ठेवला, मग नदीत टाकला, आणि शेरीफच्या घरातून तपासाची कागदपत्रंही मीच चोरली. बहुतेक जण हे एका दमात ऐकतात आणि एकतर सगळं खरं मानतात किंवा सगळं खोटं.

कबुलीजबाब तुकड्यातुकड्याने तपासायचा. पळवणं, फ्रीझर, नदी: हे एफपीला शक्य आहे, वळांशी जुळतं. मारणं: याला फक्त पिस्तुलाचा आधार, आणि तो वर तिरकी रेघ यांनी काढून घेतलाच आहे. कागदपत्रं: चौथ्या भागातली ही चोरी पॉलीचा बाप हॅल कूपरने केलेली. कूपर मूळचे ब्लॉसमच, पॉली आणि जेसन दूरचे भावंडं लागतात, ते झाकायला. म्हणजे एफपीने न केलेला गुन्हा स्वतःच्या माथी घेतला. जो माणूस एक न केलेली गोष्ट कबूल करतो, तो दुसरीही करत असेल. अटकेनंतर केलेल्या फोनचंही तसंच. तो म्हणतो जगहेडला केला, जगहेडला फोन आलेलाच नाही. तो गेला सर्पेंट्समधल्या वाकीनला. तिथून जॅकेट मिळतं, खिशाच्या अस्तरात पेनड्राइव्ह मिळतो आणि त्यात क्लिफर्ड ब्लॉसम स्वतःच्या मुलाला गोळी घालताना दिसतो.

गटाला कबुलीजबाबाचा प्रसंग दोनदा दाखवा आणि वाक्यागणिक ‘शक्य / अशक्य / आधार नाही’ असं लिहून घ्या. दुसऱ्यांदा बघताना एफपीने कोणाला वाचवायला हे केलं तेही सुचतं. धमकी जगहेडच्या जिवाची होती.

पिंपळपान
सर्वांचे आभार, दोन रकाने आणि वस्तूंचं पान दोन्ही वापरतो. मुख्य प्रश्न मात्र राहिला. क्लिफर्डचं नाव पेनड्राइव्हच्या आधी काढता येतं का? की बाराव्या भागातच कळणार?

रातकिडा
स्पष्टच सांगतो, नाव सिद्ध करता येत नाही. पेनड्राइव्ह असल्याची एकही खूण आधी दाखवलेली नाही, हा लेखनातला दोष आहे आणि मला तो खटकतो. जॅकेट सातव्या भागात पडद्यावर होतं, तेव्हा एखादा हात अस्तरावरून फिरताना दाखवला असता तरी पुरलं असतं. हेतूही उशिरा येतो: मेपल सिरपच्या आडून चाललेला हेरॉइनचा धंदा नीट कळतो तो खुनी कळल्यानंतर.

म्हणून अकराव्या भागानंतर थांबवा, पण नाव विचारू नका. तीन विधानं लिहून मागा: एफपी डांबण्यात होता की नाही, पिस्तूल त्याचं की नाही, आणि तो गप्प असेल तर कोणाच्या भीतीने. तिसऱ्याला ‘सर्पेंट्सना कामाला लावू शकेल आणि त्यांना भीतीही घालू शकेल असा पैसेवाला’ असं उत्तर आलं तर पूर्ण गुण द्या. गावात तशी दोनच घरं आहेत, लॉज आणि ब्लॉसम. व्हेरोनिकाचा बाप हायरम लॉज तेव्हा तुरुंगात. कथेत लक्ष लॉजकडे वळवलेलं असतं, तिथे फसणाऱ्याला अर्धे गुण.

तिरकी रेघ
दोन तांत्रिक सूचना. प्रत्येक भागाच्या सुरुवातीचा ‘आधीच्या भागांत’ हा तुकडा वगळा. त्यात त्या भागाला लागणारीच दृश्यं निवडलेली असतात, त्यामुळे आज कुठला धागा उघडणार हे आधीच फुटतं. आणि पुढचा भाग आपोआप सुरू होणं सेटिंगमध्ये बंद करा, नाहीतर भागाचा सारांश आणि चित्र डोळ्यांसमोर येतं.

चांदणी चौक
गटाला हे आवडलं आणि अधिक न्याय्य कोडं हवं असेल तर पुढे ‘व्हेरोनिका मार्स’चा पहिला सीझन घ्या. सप्टेंबर २००४ ते मे २००५, २२ भाग. खुनी सांगत नाही. तिथेही एक जण कबुली देऊन फाशीची वाट बघतोय, आणि तिथेही तीच पद्धत चालते. फक्त तीन नोंदी पहिल्यापासून ठेवा: खून झालेल्या लिलीच्या मृत्यूची अधिकृत वेळ आणि सिग्नलच्या कॅमेऱ्यातल्या तिच्या फोटोवरची वेळ, आरोपीच्या बोटीवर सापडलेले तिचे बूट, आणि पोलिसांना त्या बोटीचा पत्ता फोनवर देणारा आवाज कोणाचा. या तिन्हींची उत्तरं सीझन संपायच्या बऱ्याच आधी पडद्यावर येतात. एक सावधगिरी: तीन नोंदींवरून कबुली खोटी हे कळतं, खुनी नाही. लपवाछपवी करणारे आणि मारणारा यांची पानं तिथेही वेगळी ठेवा.