हिरवा चहा कडू का होतो?

प्रश्न: सुट्या पानांचा हिरवा चहा मी उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवतो, तेव्हा पहिल्याच घोटाला तोंड तुरट होते आणि पानांचा कोवळा सुगंध पार हरवतो, काय चुकत असावे?

उत्तर १: पाणी फार गरम आहे. कडवटपणा व तुरटपणा आणणारी कॅफीन आणि कॅटेचिन ही द्रव्ये अधिक तापमानाला झपाट्याने उतरतात, म्हणून पाणी ८० अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे आणि चहा २ मिनिटांत गाळून घ्यावा.

उत्तर २: सहमत, मात्र ऊलाँगला (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या, अर्धवट ऑक्सिडीकरण झालेल्या चहाला) हा नियम लावू नये. त्याची घट्ट वळलेली पाने ९० अंशांपुढच्या पाण्यातच नीट उलगडतात, आणि मला तर त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतून केलेला दुसरा चहा अधिक आवडतो.

प्रश्नकर्ता: करून पाहिला. रंग फिकट पोपटी आला, तुरटपणा जवळजवळ गेला. मनापासून आभार.