'गॉड' हा शब्द 'हूत'चा भाऊ की 'हुत'चा?

शब्दवेल्हाळ:
'गॉड' हा 'गुड'वरून आला, असं अजूनही लिहिलं जातं. ते चूक आहे. जुन्या इंग्रजीत 'गुड'चा स्वर दीर्घ होता, 'गॉड'चा ऱ्हस्व. दोन्ही शब्द वेगळे. खरा वाद पुढे आहे. जर्मन 'गॉट', गॉथिक (जर्मनची लोप पावलेली बहीणभाषा) 'गुथ' यांचा मूळ धातू आपल्या संस्कृत 'ह्वे'चा (हाक मारणे; त्यावरून 'हूत') सगा, की 'हु'चा (ओतणे, हवन करणे; त्यावरून 'हुत')? मी ठामपणे 'ह्वे'च्या बाजूने. ऋग्वेदात इंद्र 'पुरुहूत' आहे, पुष्कळांनी ज्याला हाक मारली असा. देवाची याहून नेमकी ओळख कोणती?

मात्रा:
अर्थ पटला म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. 'हूत'चा ऊ दीर्घ, 'हुत'चा ऱ्हस्व आणि 'गुथ'चाही ऱ्हस्वच. शिवाय अग्नीला ऋग्वेदात 'आहुत' म्हटलंय, म्हणजे ज्याच्यात आहुती ओतली तो. ग्रीकमध्ये तर याच धातूवरून थडग्यावर लोटलेल्या मातीला 'ओतलेली माती' म्हणत, होमरच्या महाकाव्यांत आहे. तशा ढिगाऱ्यातली शक्ती तीच पुढे देव झाली असेल.

पाटीपेन्सिल:
आणि 'खुदा'? ऐकायला किती जवळचा!

मात्रा:
तो यात नाही. 'खुदा' मध्ययुगीन फारसीतल्या 'ख्वदाय'वरून आला, अर्थ धनी, स्वामी. संस्कृत 'ह'समोर इथे जर्मानिकमध्ये (इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या कुळात) 'ग' येतो: 'हंस' आणि जर्मन 'गान्स' पाहा. फारसीतला 'ख' त्या हिशोबात बसत नाही.

शब्दवेल्हाळ:
@मात्रा, ऱ्हस्व-दीर्घावर एवढा भार टाकू नका. संस्कृत 'सूनु' दीर्घ, गॉथिक 'सुनुस' ऱ्हस्व. 'वीर' दीर्घ, जुन्या इंग्रजीतला 'वेर' (माणूस) ऱ्हस्व. जर्मानिकमध्ये असे दीर्घ स्वर आखडलेले दिसतात, मग 'हूत'चाच का नाही आखडणार?

मात्रा:
'सूनु'चा दाखला बिनतोड आहे, स्वराचा मुद्दा मी सोडतो. पण लिंगाचं काय? हा शब्द मुळात नपुंसकलिंगी होता. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची जुनी जर्मानिक भाषा) ख्रिस्तपूर्व धर्मातल्या देवांसाठी नपुंसकलिंगी 'गोथ', ख्रिस्ती देवासाठी पुल्लिंगी 'गुथ'. हाक मारलेला तो 'तो' असता. ओतलेलं ते 'ते' असतं.

शब्दवेल्हाळ:
देव आणि देवी एकत्र सांगायचे तर जर्मानिक भाषा नपुंसकलिंगी अनेकवचनच वापरत. आपणही 'आईवडील आले' म्हणतो तेव्हा लिंग ठरवावंच लागतं. त्यांनी तिसरं निवडलं. त्यावरून ओतणं सिद्ध होत नाही. हाक मारायला समोर एकच देव असावा लागतो, असं थोडंच आहे?