मदत हवी आहे : बेळगावहून मोटरसायकलवर मुक्तिनाथ (नेपाळ). कागदपत्रं, गाडीची तयारी आणि घाटरस्ता

टिळकवाडी४११
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आम्ही दोघं मुस्तांगातल्या मुक्तिनाथला जायचं ठरवतोय. दोन्ही गाड्या हिमालयन ४११. माझी केए-२२, माझ्याच नावावर. मित्राची एमएच-०९, पण ती त्याच्या कोल्हापूरच्या मामांच्या नावावर आहे. हातात १६ दिवस. चोर्ला आणि आंबोली आम्हाला पाठ आहेत, पण ३,८०० मीटर उंची नवीन. विचारायचं ते असं :
१. मामांच्या नावावरची गाडी हद्दीपलीकडे नेता येते का? कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं जकातीचं कागदपत्र) लागतं का?
२. गाडीत काय बदलून घ्यावं, सोबत काय न्यावं?
३. बेनीच्या (पोखऱ्यापुढचं गाव) पुढचा रस्ता कसा असतो, मुक्काम कुठं कुठं करावेत?

निपाणीकर
कागदांचं मी सांगतो. या सहलीत माणसं घाटात कमी अडकतात, सोनौलीच्या (उत्तर प्रदेशातली नेपाळची हद्द) खिडकीवर जास्त.

नेपाळला रस्त्याने जाताना कार्नेट लागत नाही. सोनौली ओलांडली की बेलहियाचं भन्सार कार्यालय येतं. भन्सार म्हणजे त्यांचं जकात खातं. तिथं आरसी आणि लायसन्स दाखवून गाडी तात्पुरती आत नेण्याचा परवाना काढायचा. पैसे दिवसाच्या हिशेबाने भरतात. दिवस मोजून घेऊ नका, दोन-तीन जादा लिहून घ्या. दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि मुदत उलटली तर दंड बसतो, तो या जादा दिवसांच्या पैशापेक्षा जड असतो. त्यानंतर वाहतुकीची वेगळी परवानगी मिळते, तीही तिथंच घ्या. दोन्ही कागद परतताना दाखवावे लागतात, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत अंगावर ठेवा, सॅडलबॅगेत नको.

ओळखपत्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधारवर विसंबू नका. आपलं मतदार ओळखपत्र कन्नड आणि इंग्रजीत असतं, ते चालतं. पण आपल्या भागात एक गोष्ट हमखास होते : एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. लायसन्स, आरसी आणि ओळखपत्र आजच शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. दुरुस्तीला वेळ लागतो.

मामांच्या गाडीसाठी इंग्रजीत अधिकारपत्र करून नोटरी करा. त्यात गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, भाच्याचं नाव, नातं, ‘नेपाळमध्ये नेण्यास व परत आणण्यास’ असा स्पष्ट उल्लेख आणि तारखा हव्यात. मामांच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत जोडा. ‘मामाचीच गाडी आहे की!’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. शिवाय एमएच गाडी बारा महिन्यांवर कर्नाटकात राहिली असेल तर नोंदणी बदलून घेण्याचा कायदा आहे. ते काम उरलं असेल तर आधी त्याचं बघा.

विमा : आपली पॉलिसी भारताबाहेर आपोआप लागू होत नाही. विमावाल्याकडून भौगोलिक क्षेत्र वाढवण्याची नोंद करून घ्या, तिचा क्रमांक आयएमटी-१. थोडा जादा हप्ता पडतो. एजंट ‘गरज नाही’ म्हणाला तरी नोंद पॉलिसीवर छापून मागा.

पैसे १०० च्या नोटांत न्या. भारतीय १०० चे नेपाळी १६० होतात, हा दर ठरलेला आहे.

चंदगडी
१६ दिवसांत जाता-येता सगळं गाडीवर करू नका. बेळगाव, सोलापूर, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली असं धरलं तर एका बाजूला १,८०० किलोमीटरच्या वर जातं. रोज ४५० काढले तरी आठ दिवस सपाटीवरच गेले. पुण्यापर्यंत चालवत जा आणि तिथून गोरखपूरच्या रेल्वेत तुमच्याच तिकिटावर लगेज म्हणून गाडी टाका. टाकी रिकामी करावी लागते, आरसीची प्रत लागते. आरसे काढून घ्या. लिव्हर, टाकी आणि हेडलाइट गोणपाटाने बांधा. नुसतं पार्सल म्हणून टाकली तर गाडी कधी पोचेल ते आपल्या हातात राहत नाही.

घाटवाट
गाडीबद्दल. उंचीवर इंजिनाचं काय होतं याचीच सगळे चौकशी करतात, आणि ते खरं तर सगळ्यात कमी काळजीचं आहे. मुक्तिनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ ६२ टक्के असतो, त्यामुळे ताकद बेळगावच्या मानाने साधारण एक तृतीयांश कमी मिळते. तुमच्या गाड्या फ्यूएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) असल्या तर हवा-पेट्रोलचं मिश्रण आपोआप जुळतं. फक्त एअर फिल्टर नवा घाला.

खरी परीक्षा उतरताना. मुक्तिनाथ ते बेनी म्हणजे शंभरेक किलोमीटरमध्ये सुमारे ३,००० मीटर उतार. मागच्या ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेकचं तेल तापतं, उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. ताज्या डॉट-४ (ब्रेकच्या तेलाचा प्रकार) तेलाचा उत्कलनबिंदू २३० अंश असतो. पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. खानापूर, जांबोटी भागातला पाऊस खाल्लेल्या गाडीचं तेल वर्षभरातच खराब होऊ शकतं. म्हणून निघण्याआधी पुढचं-मागचं दोन्ही तेल बदला, पॅड अर्धे झिजले असतील तर नवे घाला आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक दाबून सोडायचा, सतत घासत ठेवायचा नाही.

चढावर अर्धा क्लच धरून चालवू नका, प्लेटी जळतात. वेग पडला की सरळ पहिला गिअर.

सोबत न्यायचं (दोन गाड्यांत मिळून एक संच) : क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल प्रत्येकी एक, २१ इंची ट्यूब दोन (अडचणीत मागच्या १७ इंची चाकातही जाते, चाल मात्र हळू ठेवायची), टायर लिव्हर, पंप, एक प्लग, चेनची जोडकडी, क्लच-ब्रेकचे लिव्हर, फ्यूज, एम-सील, बाइंडिंग वायर, अर्धा लिटर १५डब्ल्यू-५० ऑइल. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवा. तुटली तर दोन टोकं बदलली की झालं.

आणि हे सगळं सामान लादून एकदा तिलारी घाट चढून-उतरून या. रॅकचा नट कुठं सुटतो, बॅग सायलेन्सरला कुठं लागते, ते इथंच कळलं पाहिजे.

दौलतवाट
रस्ता : सोनौली, बुटवल, तानसेन, पोखरा, साधारण १८० किलोमीटर. बुटवल सुटताच सिद्धबाबाचा टप्पा, तिथं वरून दगड येतात. फोटोसाठीसुद्धा थांबू नका. पोखऱ्यात अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना काढा. सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, दोन फोटो न्या. बेनीत टाकी पूर्ण भरा.

बेनी ते घासा हा त्रासाचा पट्टा : चिखल, सैल दगड, आडवे ओढे. ओढ्यात पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये थांबायचं नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, प्लग खोला, मग फिरवा.

वाऱ्याचं नीट लक्षात घ्या. धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधल्या काळीगंडकी नदीच्या दरीत दुपारी दक्षिणेकडून वारा सुटतो, कारण वरचं पठार तापून खालची हवा ओढून घेतं. जोमसोमची विमानं त्यामुळेच सकाळीच उडतात. जाताना हा वारा पाठीवर, येताना तोंडावर, धुळीसकट. परतीला कागबेनी (शेवटचा मुक्काम) उजाडताच सोडा आणि दहा-अकराच्या आत घासा गाठा.

मुक्काम : तातोपानी (१,१९० मीटर), मग मार्फा किंवा जोमसोम (२,७००च्या आसपास). तिसऱ्या दिवशी मुक्तिनाथ करून झोपायला कागबेनीला उतरा. डोकं दुखून मळमळलं तर वर चढायचं नाही, उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. कागबेनीच्या उत्तरेला वरचं मुस्तांग, तिथं वेगळा परवाना लागतो. भारतीयांनाही.

टिळकवाडी४११
खूप आभार. आज कागद काढून बघितले : मित्राच्या लायसन्सवर आडनाव शेवटी, मतदार ओळखपत्रावर आधी. तारीख दसऱ्याच्या आठवड्यातली धरली तर चालेल का?

निपाणीकर
नको. आपल्या दसऱ्याला त्यांचा दशैं असतो, कार्यालयं आणि गॅरेज बंद, माणसं गावी. दशैं उरकल्यावर आणि तिहारच्या, म्हणजे आपल्या दिवाळीच्या, आधी जा. पोखऱ्याचा परवाना शनिवारी काढायला जाऊ नका, तिथं सुट्टी शनिवारी असते. आडनावाचं : स्पेलिंग एकच असेल तर पासपोर्ट दाखवा आणि मतदार ओळखपत्र बॅगेतच राहू द्या. अधिकारपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणे घाला.